पुढच्या स्टीम डेकला (व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल) बॅटरी किती पाहिजे? ८० वॉट-अवरच्या खाली घ्यायचा का?

शाहूपुरी_३री_गल्ली
डेक-२ कधी येणार ते सोडा, त्यावर बोलून उपयोग नाही. मुद्दा बॅटरीचा. पहिला डेक फेब्रुवारी २०२२ ला आला, ४० वॉट-अवर. ओएलईडीवाला नोव्हेंबर २०२३ ला, ५०. आसुसनं तसल्याच हातातल्या कन्सोलला, २०२३ च्या ॲलायला ४० दिली होती, २०२४ च्या ॲलाय एक्सला थेट दुप्पट, ८०. एमएसआयच्या क्लॉ ८ एआय प्लसला ८०. ऑक्टोबर २०२५ च्या एक्सबॉक्स ॲलाय एक्सला पण ८०. म्हणजे आता हा पायंडाच पडला. माझं स्पष्ट म्हणणं: पुढच्या डेकला ८० पेक्षा कमी दिली तर हात लावायचा नाही. कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र एका चार्जवर निघाली पाहिजे. पटत नसेल तर आकड्यानिशी बोला.

बिंदू_चौक
महालक्ष्मीत रात्री माणसं झोपतात, भावा.

वॉटमापे
आकड्यानिशीच बोलू. तास म्हणजे वॉट-अवर भागिले वॉट. सूत्र एवढंच, बाकी सगळी जाहिरात.

कंपनी पहिल्या, म्हणजे एलसीडी पडद्याच्या डेकला २ ते ८ तास सांगते. ४० ला २ नं भागा, २० वॉट. ८ नं भागा, ५ वॉट. म्हणजे जड गेमला अख्खं मशीन २० वॉट खातं, हलक्याला ५. ओएलईडीला ३ ते १२ तास सांगतात. ५० भागिले ३ म्हणजे साडेसोळा-सतरा वॉट, ५० भागिले १२ म्हणजे चारच्या जरा वर. आता नीट बघा. बॅटरी वाढली २५ टक्के, तास वाढले ५० टक्के. वरचे तास बॅटरीतून आलेले नाहीत. चिप ७ नॅनोमीटरवरून ६ वर गेली (बनावट जितकी बारीक तितकी वीज कमी), पडदा बदलला, मेमरी बदलली, तिथून आले.

याहून सरळ उदाहरण निन्टेन्डोचं. २०१७ चा स्विच: ४३१० एमएएच, अडीच ते साडेसहा तास. २०१९ ला बॅटरी तीच, ४३१० च, आणि तास साडेचार ते नऊ. एक एमएएच वाढवला नाही. टेग्रा एक्स१ ची चिप २० नॅनोमीटरवरून १६ वर नेली, बस्स.

आता तुमचं ८०. ॲलाय एक्स टर्बो मोडला लावलं की नुसती चिप २५ वॉट घेते. पडदा, पंखा, एसएसडी, वायफाय मिळून एकूण ३२ ते ३५ धरा. ८० भागिले ३५, सव्वादोन तास. महालक्ष्मी तेवढ्यात मिरज सोडून जेमतेम पुढं गेलेली असेल.

पांढरा_रस्सा
एक शंका. स्विच २ ला ५२२० एमएएच आहे. एलसीडी डेकची पण ५२०० च्या आसपासच निघते. म्हणजे दोघांची बॅटरी सारखीच की! मग डेक एवढा जाड का केला?

उद्यमनगर_टर्नर
व्हय, पण व्होल्ट बघितला का? स्विच २ ची बॅटरी एका सेलची, ३.७ च्या घरातली. डेकची दोन सेल ओळीत जोडलेली, ७.७ व्होल्ट. ५२०० गुणिले ७.७ भागिले हजार, ४० वॉट-अवर. स्विच २ चं तेच गणित घातलं की १९-२० वर येतं. एमएएच सारखे, ऊर्जा निम्मी.

राधानगरीच्या पॉवरहाऊसवर जाऊन नुसतं 'पाणी किती सोडलं' सांगितलं तर युनिट किती पडले ते कुणी सांगंल का? पाणी किती उंचीवरनं पडलं ते बी लागतंय. एमएएच म्हंजे पाणी, व्होल्ट म्हंजे उंची. कन्सोल कन्सोलची तुलना करायची असली तर एमएएच बघूच नका, वॉट-अवर बघा. खोक्यावर नसला तर बॅटरीच्या लेबलवर छापलेला असतो.

पांढरा_रस्सा
कळलं. म्हणजे स्विच २ जे २ ते साडेसहा तास सांगतात, ते १० वॉट ते ३ वॉट झालं. डेकच्या निम्म्यात भागवतोय गडी.

वॉटमापे
बरोब्बर. आणि म्हणूनच पुढच्या डेककडून माझी मागणी आहे ती खालच्या टोकाची. जड गेमला २० च्या जागी १८ वॉट झाले तर फरक पडतो तो तेरा मिनिटांचा. हलक्या गेमला ५ चे ३ झाले तर ४० ची बॅटरीसुद्धा ८ वरून १३ तासांवर जाते.

मिरजकर_तिकटी
वजनाचा मुद्दा कुणी काढलाच नाही. चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोला २५० वॉट-अवरच्या आसपास बसतात, म्हणजे १० वॉट-अवरला साधारण ४० ग्रॅम. ओएलईडी डेक ६४० ग्रॅमचा आहे. त्याला ५० वरून ८० वर नेलं तर नुसत्या सेलचे १२० ग्रॅम वाढले, ७६० झाला. वरून जागा मोठी म्हणून कवच मोठं, ते वेगळं. पाऊण किलो मटण पिशवीतून आणायला जड नाही, पण दोन्ही हातांत छातीसमोर तासभर धरून बघा. ताण मनगटावर येतो, आणि तोही बॅटरी मधोमध नसेल तर जास्त.

शाहूपुरी_३री_गल्ली
मग आसुसला कसं जमलं? ॲलाय ६०८ ग्रॅम, ॲलाय एक्स ६७८. ७० ग्रॅमात ४० वॉट-अवर वाढवले त्यांनी.

मिरजकर_तिकटी
तुमच्याच आकड्यात उत्तर आहे. ४० वॉट-अवरच्या सेलचे दीडशे-एकशेसाठ ग्रॅम व्हायला पाहिजेत, वाढले ७०. म्हणजे उरलेले ८०-९० ग्रॅम एक तर दाट सेल घालून वाचवले, नाही तर बाकीच्या सामानातून. ती काटछाट डेकला करायला जागा किती? त्याला दोन ट्रॅकपॅड आहेत, ॲलायला एकही नाही. ट्रॅकपॅड काढायचे का, बोला.

राजारामपुरी_९वी
ट्रॅकपॅडला हात लावला तर मोर्चा काढू. दसरा चौकातून.

उद्यमनगर_टर्नर
८० हाच आकडा सारखा का दिसतोय त्याचं आणखी एक कारण असावं. लिथियम बॅटरीच्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमात एका सेलला २० वॉट-अवर आणि अख्ख्या पॅकला १०० ही रेघ हाय. त्याच्या आत असलं की पॅकिंग नि कागदपत्र सोपं, वर गेलं की कटकट. ॲलाय एक्सची बॅटरी ४ सेलची हाय, चारी ओळीत. २० चोक ८०. अगदी रेघेवर बसवलीय. म्हंजे कोण १२० वॉट-अवरची स्वप्नं बघत असंल तर आत्ताच उठा.

पापाची_तिकटी
आता फोनमध्ये सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्या येतायत त्या घातल्या की झालं ना? तेवढ्याच जागेत जास्त.

वॉटमापे
मिळेल, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. सिलिकॉनचा ॲनोड चार्ज होताना ग्राफाईटपेक्षा बराच जास्त फुगतो, म्हणून सेलभोवती मोकळी जागा सोडावी लागते. फोन दोन-तीन वर्षांत बदलतात, कन्सोल पाच-सहा वर्षं वापरतात, आणि हा फुगवटा वर्षांगणिक साठत जातो. दुसरं, या सेलची शेवटची बरीचशी ऊर्जा कमी व्होल्टला निघते. खालच्या व्होल्टलाही मशीन चालेल अशी पॉवर सर्किट केली नाही तर लेबलवरचे वॉट-अवर लेबलवरच राहतात.

बिंदू_चौक
महालक्ष्मीचं काय झालं मग? पॉवर बँक नावाची वस्तू असते म्हणे.

रंकाळाकाठ
असते, पण डोळे झाकून घेतली तर पैसे पाण्यात. २०,००० एमएएच लिहिलेली बँक आतल्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्ट चढवताना आणि केबलमध्ये काही जातं, हातात ६० च्या आसपास येतं. ओएलईडी डेक एकदा भरून थोडं उरतं.

खरी गोम आउटपुटची. डेकला ४५ वॉट लागतात, १५ व्होल्ट ३ अँपिअर, तेही टाइप-सी वर पॉवर डिलिव्हरीनं (सगळ्या कंपन्यांना चालणारी चार्जिंगची पद्धत). बाजारात मिळते ती बहुतेक '२२.५ वॉट' वाली, आणि ते २२.५ चपट्या यूएसबी-ए भोकाला असतात. टाइप-सी ला १८ किंवा २०. जड गेम लावला की २० वॉट मशीनच खातं, बॅटरीत शून्य जातं, कधी उलटी उतरतेही. घेताना बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात '१५ व्होल्ट, ३ अँपिअर' ही ओळ शोधायची. नसली तर ठेवून द्यायची.

गाडीतल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात, त्यानं काही बिघडत नाही. अडॅप्टरवर १००–२४० लिहिलेलं असतं. पण रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे, आणि महालक्ष्मीचा निम्मा प्रवास त्यातच जातो. जे काही भरायचं ते जेवणाच्या डब्याबरोबर. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात चालत नाही.

राजारामपुरी_९वी
फोनचा ८० वॉटचा चार्जर आहे घरात. डेकला लावला तर 'स्लो चार्जर' दाखवतो. ८० वॉट आणि स्लो?

रंकाळाकाठ
ते ८० फक्त त्याच कंपनीच्या फोनला, त्यांच्याच केबलनं. ती भाषा वेगळी. दुसरं यंत्र लावलं की चार्जर साध्या पॉवर डिलिव्हरीवर येतो आणि बऱ्याच चार्जरमध्ये ती १८ वॉटच्या घरातच असते. लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर असेल तर तो लावा, डेक त्यातून हवे तेवढे ४५ घेतो, जास्त ढकलले जात नाहीत.

शाहूपुरी_३री_गल्ली
चार्जिंगवरून आठवलं. हे पण माझ्याच बाजूचं की, बॅटरी मोठी असली की चार्जर शोधत हिंडायला नको.

वॉटमापे
उलटं आहे. ४५ वॉटच्याच चार्जरवर ८० ची बॅटरी भरताना खेळत बसलात, मशीन २० वॉट घेतंय, तर बॅटरीला उरले २५. ८० भागिले २५, तीन तासांच्या वर. शिवाय ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं ते वेगळं. मोठी बॅटरी मागायची तर सोबत ६५ किंवा १०० वॉटचं चार्जिंगही मागायला पाहिजे, आणि तेवढी उष्णता बाहेर काढणारा पंखाही.

मिरजकर_तिकटी
उष्णता निघालीच आहे तर. एप्रिल-मे मध्ये खोलीत ३६-३७ असताना चार्जिंगला लावून गोधडीवर खेळणं म्हणजे बॅटरी उकडायला ठेवणं. डेक हवा मागच्या जाळीतून आत घेतो आणि वरच्या कडेनं बाहेर टाकतो. मागची जाळी गोधडीत बुडाली की पंखा फुल्ल आणि चिपची उष्णता शेजारच्या सेलला. लिथियमला मारणाऱ्या गोष्टी दोन: ऊन आणि भरलेलं पोट. दोन्ही एकदम दिल्या की सगळ्यात लवकर मरते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर १०० टक्के भरलेलं मशीन, हा त्यातला कळस.

सतत प्लगला लावून खेळणाऱ्यांनी ८० टक्क्यांची मर्यादा लावून टाका. डेकला स्टीमओएस ३.७ पासून सेटिंगमध्ये पॉवरखाली मिळते. ॲलायला आसुसच्या आर्मरी क्रेट ॲपमध्ये आहे. स्विच २ ला ९० टक्क्यांच्या आसपास थांबायची सोय आहे. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर निम्म्यावर ठेवा, शून्यावर मुळीच नाही.

पापाची_तिकटी
आहे त्याच डेकवर तास वाढवायचे असतील तर? नुसती ब्राइटनेस कमी करून काही होत नाही.

वॉटमापे
तीन ठिपक्यांचं बटण दाबून उजवा मेनू उघडा, परफॉर्मन्समध्ये ओव्हरले (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणारी पट्टी) लावा. बॅटरीतून जाणारे वॉट समोर दिसल्याशिवाय काहीच बदलू नका, नाहीतर अंधारात तीर. मग फ्रेमची मर्यादा सेकंदाला ४० करा, एलसीडीवर पडदाही ४० हर्ट्झवर. ३० पेक्षा ४० का, तर ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची, ३० ला ३३.३ ची, आणि ४० ला २५. बरोब्बर मध्यावर. डोळ्याला ६० च्या जवळ वाटतं, चिपला काम एक-तृतीयांश कमी. ओएलईडीवर ९० हर्ट्झला ४५ फ्रेम ठेवा.

त्यानंतर टीडीपीची, म्हणजे चिपला जास्तीत जास्त किती वॉट द्यायचे त्याची मर्यादा. १५ वरून एकेक खाली आणा, ओव्हरलेत फ्रेम डगमगायला लागल्या की एक वर. थेट ६ वर टाकू नका; सीपीयू उपाशी राहिला की गेम अडखळतो आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. चिपचं असं आहे की शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. शेवटचे ४-५ वॉट सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी कामाचे. ओएलईडीवर काळे पिक्सेल बंदच असतात, त्यामुळं अंधारे गेम आणि काळा मेनू फुकटात मिनिटं देतात.

राजारामपुरी_९वी
एलसीडी डेकची बॅटरी घरी बदलता येते का? डेक भारतात अधिकृत विकलाच जात नाही, वॉरंटीचा प्रश्नच नाही.

उद्यमनगर_टर्नर
येती, पण घाई करायची न्हाई. क्रम सांगतो.

चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा. मेमरी कार्ड काढा. हे विसरलं की पाठ उघडताना कार्डाचे दोन तुकडे, कायम होणारी चूक हाय. मशीन बंद करून व्हॉल्यूम प्लस आणि पॉवर एकदम दाबून बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) जावा, तिथं बॅटरी स्टोरेज मोड लावा. पाठीला ८ स्क्रू, एलसीडीला फिलिप्स, ओएलईडीला टॉर्क्स टी६. लांब नि आखूड वेगळे ठेवा. एलसीडीला स्क्रू थेट प्लॅस्टिकात जातात, त्यामुळं बसवताना आधी उलटा फिरवायचा, 'टक' झालं की मग सुलटा. नाहीतर नवा आटा पडतो आणि दोन-तीन वेळात भोक ढिलं.

आतली पत्र्याची शील्ड काढताना एक स्क्रू चिकटपट्टीखाली दडलेला असतो. जोर लावू नका, पट्टी उचला. पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं, बाकी सगळं नंतर. बॅटरीवरनं जाणाऱ्या रिबन केबल सोडवून बाजूला घ्या. मग डिंक. कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, प्लॅस्टिकचं कार्ड सरकवत जावा. लोखंडी पट्टी न्हाई. आणि खाली दाबायचं न्हाई, खाली पडदा हाय. निघालेली बॅटरी वाकली असली तर परत वापरायची न्हाई, नवीनच बसवायची. नवी बसवली की चार्जर लावल्यावरच मशीन जागं होतं, घाबरू नका.

बदली बॅटरी खरी का खोटी ते डेस्कटॉप मोडमध्ये इन्फो सेंटरच्या एनर्जी विभागात बघा. आणि तराजूवर जुनीशी वजन ताडून बघा. तिथं खोटं बोलता येत न्हाई.

मिरजकर_तिकटी
एक भर. पाठीचा सांधा उघडलाय, पडदा कडेनं उचललाय, बटण अडकतंय, ही फुगल्याची लक्षणं. चार्जर काढा, टोचू नका, दाबून बसवू नका. आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. आत दाबली गेली की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

रंकाळाकाठ
टर्नर यांच्या पोस्टवरून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथेच खरी मेख आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी नियम आहे. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी काढता-घालता आली पाहिजे. पुढचा डेक त्यानंतर आला तर हा डिंकाचा कारभार बंद. पण काढता येणारी बॅटरी उघड्या मऊ पिशवीत देता येत नाही, तिला कडक कवच लागतं, कनेक्टरला जागा लागते. म्हणजे तेवढ्याच खोबणीत वॉट-अवर कमी बसणार. एकीकडं ८० मागायचे आणि दुसरीकडं बॅटरी स्वतः बदलायचा हक्कही मागायचा, तर मशीन जाड होणार हे धरून चला.

शाहूपुरी_३री_गल्ली
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मग तुमचा अंदाज किती?

वॉटमापे
व्हॉल्व्हनं जाहीर सांगितलेलं आहे की बॅटरीचे तास न घटवता ताकदीत मोठी झेप मिळत नाही तोवर पुढचा डेक नाही. त्यांचा अडसर चिपचा आहे. माझा अंदाज ६० च्या आसपास, जड गेमला अख्खं मशीन १५ ते १८ वॉट, वजन ७०० ग्रॅमच्या आत. एक्सबॉक्स ॲलाय साधा ६० चाच आहे, ६७० ग्रॅम. ६० भागिले १८, सव्वातीन तास जड गेमला. हलक्याला ४ वॉटवर १५ तास.

मिरजकर_तिकटी
६० मान्य. ७०० च्या आत काढती बॅटरी घालून? अवघड आहे. मी ७२० धरतो.

शाहूपुरी_३री_गल्ली
बरं, ८० चा हट्ट सोडतो. ६० घेईन, पण बॅटरी चार स्क्रूत निघाली पाहिजे, चार्जिंग ६५ वॉट पाहिजे आणि दुसरी बॅटरी सुटी विकत मिळाली पाहिजे. दोन साठच्या म्हणजे १२० झाले, आणि टर्नर यांच्या रेघेच्या आतच.

उद्यमनगर_टर्नर
हे जमतंय बघा. सुटी बॅटरी खिशात टाकताना कनेक्टरवर टोपी मात्र लावा, किल्ल्यांच्या जुडग्यात टाकली तर शॉर्ट.

राजारामपुरी_९वी
६५ वॉटला केबल कुठली?

रंकाळाकाठ
६० वॉटपर्यंत कुठलीही ३ अँपिअरची सी-टू-सी चालते. त्याच्या वर ५ अँपिअरची घ्या, तिच्या कनेक्टरमध्ये ई-मार्कर चिप असते, केबलला किती झेपतं ते चार्जरला सांगणारी. ती नसली तर चार्जर मुकाट ६० वरच थांबतो.